सिंथ यूएसबीने लॅपटॉपला जोडलाय, पण रीपरमध्ये एकही सूर पोचत नाही

पायपेटी

नमस्कार मंडळी. गोष्ट जरा लांबण आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय नेमकी अडचण कळणार नाही.

गोव्यात साखळीच्या बाजूला आमचं गाव. देवळाच्या उत्सवाला दरवर्षी गावातलेच लोक संगीत नाटक उभं करतात. साथीला पूर्वी खरी पायपेटी असायची. ती वाजवणारे काका गेले आणि पुढच्या पावसाळ्यात पेटीचा भाता फाटला. त्याआधी एका सुट्टीत मी काकांना बसवून त्या पेटीचा एकेक सूर रेकॉर्ड करून घेतला होता, तेवढाच आता हाताशी आहे. ते सूर लॅपटॉपवर सॅम्पलरमध्ये (रेकॉर्ड केलेले सूर पट्ट्यांवर वाजवणारं सॉफ्टवेअर) बसवलेत. माझ्याकडे ६१ पट्ट्यांचा एक जुना सिंथ (सिंथेसायझर) आहे. बेत असा की पट्ट्या सिंथच्या आणि आवाज आमच्या पेटीचा. सिंथचे स्वतःचे व्हायोलिनचे थर मागे हलके ठेवायचे.

पण गाडी पहिल्याच वळणावर अडलीय. विंडोज १० चा लॅपटॉप, रीपर (रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर), मध्ये यूएसबीची केबल. आधीच्या केबलने लॅपटॉपला काहीच कळत नव्हतं. काल दुसरी केबल आणली, तर 'टुंग' असा आवाज येतो, पण रीपरच्या यादीत सिंथचं नाव नाही. शिवाय स्पीकरमधून एक बारीक किणकिण येते, ती निराळीच डोकेदुखी. सिंथ मडगावच्या एका मित्राकडून जुना घेतलाय, सोबत पुस्तिका नाही. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण दोष कोणाचा तेच अजून ठरलेलं नाही.

नाटक तीन आठवड्यांवर आलंय. ओळीने काय काय तपासू?

काळी दोन

भाऊ, आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. तुमच्या या केबलमधून आवाज जात नाही, निरोप जातात. कुठली पट्टी, किती जोरात, कधी सोडली, एवढंच. काही नवे सिंथ यूएसबीतून आवाजही पाठवतात, पण तुम्हाला त्याची गरज नाही, कारण तुमचा आवाज लॅपटॉपमध्येच तयार होणार आहे. हे एकदा डोक्यात बसलं की शोध सोपा होतो. निरोप सिंथमधून निघतो का, विंडोजपर्यंत पोचतो का, विंडोजकडून रीपरला मिळतो का? तीन उंबरठे. कुठल्या उंबरठ्यावर थांबलाय ते सापडेपर्यंत पुढचं काही छेडू नका. लोक घाबरून रीपर काढून पुन्हा टाकतात आणि खोट असते केबलमध्ये.

तुमची पहिली केबल बहुधा नुसती चार्जिंगची होती. साध्या यूएसबी केबलमध्ये चार तारा असतात: ५ व्होल्टची, जमिनीची (ग्राउंडची), आणि माहितीच्या दोन. स्वस्त चार्जिंग केबलमध्ये माहितीच्या दोन ताराच घालत नाहीत. बाहेरून ती ओळखू येत नाही. प्रिंटरची चौकोनी तोंडाची केबल घरात असेल तर ती लावून बघा, तिच्यात चारही तारा नक्की असतात.

आता 'टुंग' वाजतोय म्हणजे विंडोजला काहीतरी दिसलंय. डिव्हाइस मॅनेजर उघडा आणि सिंथ चालू-बंद करून बघा की यादीत कुठली ओळ येते आणि जाते. ती ओळ इथे लिहा. हब मध्ये घालू नका, थेट लॅपटॉपच्या खाचेत लावा.

पायपेटी

प्रिंटरची केबल लावली. 'इतर उपकरणे' या गटात सिंथच्या मॉडेलचा नंबर येतो, पण त्यावर पिवळा त्रिकोण आहे. सिंथ बंद केला की ओळ जाते. म्हणजे पहिला उंबरठा ओलांडला का?

वळेसार

अर्धा. विंडोजला पाहुणा दिसला, पण त्याची भाषा कळली नाही, असा त्या पिवळ्या त्रिकोणाचा अर्थ.

मी फोंड्याला मुलांना कीबोर्ड शिकवते, त्यामुळे असे जुने सिंथ बरेच हाताखालून गेलेत. वाद्यांच्या या निरोपांची भाषा म्हणजे मिडी. यूएसबीवरून मिडी कसं बोलायचं याचा सामायिक नियम १९९९ मध्ये ठरला. जी वाद्यं तो नियम पाळतात ती कुठल्याही संगणकाला वेगळ्या ड्रायव्हरशिवाय कळतात. पण बऱ्याच सिंथमध्ये दोन बोल्या असतात: एक सामायिक आणि एक कंपनीची स्वतःची. सिंथच्या सिस्टिम किंवा युटिलिटी मेनूत 'यूएसबी ड्रायव्हर' अशी ओळ शोधा. तिथे 'व्हेंडर' असेल तर 'जेनेरिक' करा. काही ठिकाणी शब्द वेगळे असतात, अर्थ तोच.

बदल केल्यावर 'राइट' किंवा 'सेव्ह'चं बटण दाबायला विसरू नका आणि मग सिंथ पूर्ण बंद करून पुन्हा चालू करा. नुसतं बदलून काही होत नाही. इथेच माझे निम्मे विद्यार्थी परत येतात, 'ताई, केलं पण नाही झालं' म्हणत.

त्याच मेनूत 'स्टोरेज' आणि 'मिडी' असा पर्याय दिसला तर 'मिडी' ठेवा. 'स्टोरेज'वर असला की लॅपटॉप त्याला पेन ड्राइव्ह समजतो.

आणि एक. लॅपटॉप 'शट डाउन' न करता 'रिस्टार्ट' करा. विंडोज १० मध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउनमध्ये बरंचसं जुनं ओझं तसंच झोपवून ठेवतात आणि सकाळी तेच उठतं. रिस्टार्टमध्ये खरी झाडलोट होते.

पायपेटी

ताई, मेनूत 'व्हेंडर'च होतं! बदललं, सेव्ह केलं, बंद-चालू केलं. त्रिकोण गेला आणि ओळ आपोआप 'साऊंड, व्हिडिओ'च्या गटात येऊन बसली. रीपरच्या प्रेफरन्सेसमध्ये मिडीच्या पानावर सिंथचं नाव पहिल्यांदा दिसलं. तिथे इनपुट चालू केलं, तर रीपर म्हणतो की हे उपकरण उघडता आलं नाही. दारात येऊन पुन्हा थांबलो.

घुमट

दुसरं कोणीतरी आधीच आत बसलंय. विंडोज १० वर या सामायिक ड्रायव्हरने मिडीचं एक दार एका वेळी एकाच प्रोग्रामला मिळतं. ज्याने आधी उघडलं त्याचं, बाकीच्यांना 'उघडता आलं नाही'. मॅकवर असं होत नाही, तिथे चार प्रोग्राम एकाच वेळी ऐकू शकतात. म्हणून मॅकवाल्यांचा सल्ला इथे चालत नाही.

आत कोण असेल? दुसरं संगीताचं सॉफ्टवेअर, सॅम्पलरची स्वतंत्र खिडकी, नाहीतर ब्राउझर. क्रोममध्ये पियानो शिकवणारी एखादी साइट उघडून तिला मिडीची परवानगी दिली असेल, तर तो टॅब उघडा असेपर्यंत दार तिच्याच हातात असतं.

पायपेटी

सॅम्पलरची खिडकी होती! दुपारी सॅम्पल तपासायला तो स्वतंत्र उघडला होता आणि टास्कबारमध्ये खाली तसाच राहिला. बंद केला, रीपर पुन्हा उघडला, ट्रॅक आर्म केला, इनपुटला 'सगळे चॅनेल' दिलं, मॉनिटरिंग चालू केलं आणि सॅम्पलर रीपरच्या आत प्लगिन म्हणून बसवला.

मंडळी, काकांच्या पेटीचा षड्ज खोलीत वाजला. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली.

आता दोन गोष्टी उरल्यात. एक पट्टी दाबली की पेटी आणि सिंथचा पियानो दोन्ही एकदम वाजतात. आणि वीसेक मिनिटं हात लावला नाही की सिंथ यादीतून गायब होतो. किणकिण तर आहेच.

वळेसार

दोन आवाजांचं सोपं आहे. सिंथच्या पट्ट्या आतून त्याच्याच आवाजाला जोडलेल्या असतात. मेनूत 'लोकल कंट्रोल' असतं, ते 'ऑफ' करा. मग पट्ट्या फक्त निरोप पाठवतील आणि सिंथ स्वतः गप्प राहील. मिडीच्या भाषेत हा १२२ नंबरचा कंट्रोल आहे: ० म्हणजे बंद, १२७ म्हणजे चालू. मेनूत सापडला नाही तर रीपरमधूनही पाठवता येतो.

मागचे व्हायोलिनचे थर हवेत ना? मग रीपरमध्ये दुसरा ट्रॅक करून त्याचं मिडी आउटपुट सिंथकडे वळवा. निरोप लॅपटॉपला जाऊन परत सिंथकडे येईल आणि थर कधी वाजवायचे ते तुमच्या हातात राहील. लोकल चालू ठेवून हे केलंत तर प्रत्येक सूर दोनदा वाजेल आणि आवाज पोकळ, नाकातून आल्यासारखा होईल.

घरच्या रियाजाआधी लोकल परत 'ऑन' करायचं लक्षात ठेवा. एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी याच कारणासाठी सिंथ दुरुस्तीला नेला होता.

लाल चिरा

मी इलेक्ट्रॉनिक्सची कामं करतो, गायब होण्याबद्दल मी सांगतो. लॅपटॉप वीज वाचवायला रिकाम्या वाटणाऱ्या यूएसबी खाचा झोपवतो. पॉवर ऑप्शन्सच्या प्रगत सेटिंगमध्ये 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' आहे, ते बॅटरी आणि चार्जर दोन्हींसाठी बंद करा. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रत्येक 'यूएसबी रूट हब'च्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये जाऊन संगणकाला हे उपकरण बंद करू देण्याची खूण काढा.

एवढ्याने थांबलं नाही तर सिंथची चौकोनी खाच बघा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की कपाटातल्या चपला पांढऱ्या पडतात, तिथे तांब्या-पितळेच्या संपर्कपट्ट्यांचं काय होत असेल! हिरवट थर दिसला तर सिंथ बंद करून, वायर काढून, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापसाची काडी बुडवून हलक्या हाताने पुसा आणि पूर्ण सुकू द्या. खोबरेल तेल किंवा घरातला कुठलाही स्प्रे नको. केबल खाचेत डगडगत असेल तर आतला टाका सुटलेला असू शकतो. तो डाग देऊन घ्यावा लागतो, केबल दोऱ्याने बांधून नाटक होत नाही.

लॅपटॉपची खाचही ठरवून एकच वापरा. खाच बदलली की विंडोज बऱ्याचदा तोच सिंथ नवा समजून नावापुढे '२' लावतो, आणि रीपर जुन्या नावाची वाट बघत बसतो.

किणकिणीबद्दल विचारायचं होतं. ती कशी आहे? जाड 'हूं' की बारीक 'ईं'? आणि कुठली वायर काढली की जाते?

पायपेटी

बारीक 'ईं'. माउस हलवला की सूर बदलतो. यूएसबी काढली की लगेच जाते. सिंथची ऑडिओ वायर मिक्सरला आहे, लॅपटॉपचा हेडफोन जॅकही त्याच मिक्सरला. लॅपटॉपचा चार्जर काढला तर किणकिण कमी होते, पण पूर्ण जात नाही.

लाल चिरा

मग सगळं चित्र स्पष्ट आहे. तुम्ही नकळत एक गोल तयार केलाय. सिंथची जमीन ऑडिओच्या वायरमधून मिक्सरला, मिक्सरची लॅपटॉपच्या जॅकला, आणि लॅपटॉपची यूएसबीतून परत सिंथला. त्या गोलातून लॅपटॉपचा सगळा कचरा-प्रवाह फिरतो आणि ऑडिओच्या वायरीवर स्वार होतो.

जाड 'हूं' असती तर ती ५० हर्ट्झच्या घरच्या विजेची किंवा तिच्या दुपटीची असती. तुमची 'ईं' यूएसबीची आहे. जुन्या, १२ मेगाबिटच्या वेगाने बोलणारं यूएसबी दर एक मिलिसेकंदाला एक ठोका देतं, म्हणजे सेकंदाला १,०००. कानाला तो एक किलोहर्ट्झचा सूर आणि त्याच्या वरच्या पटी अशा ऐकू येतात. माउस हलवला की प्रोसेसरचं काम बदलतं, त्याचा आवाज त्यात मिसळतो. सिंथ बिघडलेला नाही, मिक्सरही नाही.

काय करू नका ते आधी. कुठल्याही प्लगची अर्थिंगची जाड पिन कापू नका, तिच्यावर टेप लावू नका. आवाज जातो हे खरं, पण ओल्या मांडवात अनवाणी कलाकार माइक धरून उभा असतो, त्याच्या जिवाशी तो खेळ आहे. आपल्या जुन्या चिऱ्यांच्या घरांत तर अर्थिंग नावापुरतं असलेलं मी किती वेळा पाहिलंय. ते तपासून घ्या, पण तोडू नका.

करायचं ते तीन प्रकारे होईल. सिंथ, लॅपटॉप आणि मिक्सर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर आणा. याला पैसे लागत नाहीत, कधी एवढ्यानेच पुष्कळ फरक पडतो. नाहीतर लॅपटॉप आणि मिक्सर यांच्यामध्ये ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स (वाद्याचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी डबी) घाला, साऊंडवाल्याकडे तो असतोच, आणि त्यावरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा. ते बटण फक्त ऑडिओची जमीन सोडतं, विजेचं अर्थिंग तसंच राहतं, म्हणून ते सुरक्षित. तिसरा मार्ग माझ्या सगळ्यात आवडीचा: सिंथच्या मागे पाच पिनांचं गोल मिडी आहे का?

पायपेटी

आहे. इन, आउट आणि थ्रू, तिन्ही.

लाल चिरा

मग यूएसबी सोडाच. १९८३ साली मिडी आलं तेव्हाच ते बनवणाऱ्यांनी विचार करून ठेवला होता. गोल मिडीच्या इनपुटमध्ये ऑप्टो-आयसोलेटर असतो. आत एक छोटा दिवा लुकलुकतो आणि समोरचा प्रकाशसंवेदक तो पाहतो. निरोप उजेडातून जातो, दोन यंत्रांच्या जमिनी एकमेकींना शिवतच नाहीत. तुमचा गोल तिथेच तुटतो. एक छोटा यूएसबी-मिडी इंटरफेस घ्या, त्याचं यूएसबी लॅपटॉपला आणि गोल केबल सिंथला. सिंथच्या आउटमधून इंटरफेसच्या इनमध्ये आणि उलट. इंटरफेसच्या वायरींवर लिहिलेलं 'इन-आउट' कोणाच्या बाजूने आहे यावर लोक हमखास फसतात, चाललं नाही तर दोन्ही उलटून बघा. सिंथमध्ये 'मिडी यूएसबीवरून की गोल खाचेवरून' असा पर्याय असेल तर तोही बदला.

काळी दोन

'गोल मिडी जुनं, हळू' असं म्हणणारे भेटतील, म्हणून हिशोब देतो. त्याचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट. एका बाइटला दहा बिट, म्हणजे ३२० मायक्रोसेकंद. एक सूर तीन बाइटचा, जवळजवळ एक मिलिसेकंद. पदाच्या साथीला चार बोटं एकदम पडली तरी कानाला उशीर कळणार नाही.

उशीर जाणवलाच तर तो ऑडिओ बफरचा (आवाज बाहेर पडण्याआधी थोडा साठवायच्या जागेचा) असतो. ४४,१०० च्या दराने १,०२४ सॅम्पलचा बफर म्हणजे २३ मिलिसेकंद, गायकाच्या जागेवर तान आली की तो झोंबतो. असियो ड्रायव्हर (उशीर कमी करणारा ऑडिओ ड्रायव्हर) वापरा, बफर २५६ वर आणा, म्हणजे सहाच्या आत. पटपट असा फुटका आवाज यायला लागला तर पुन्हा एक पायरी वर.

घुमट

पायपेटीदादा, एक विचारायचं राहिलं. तुमची पेटी कुठल्या सुरात आहे? जुन्या पेट्या नेमक्या ४४० हर्ट्झला (पांढरी सहाचा आजचा प्रमाण सूर) क्वचितच असतात. सॅम्पल पेटीच्या मूळ सुरात आणि सिंथचे थर ४४० मध्ये, तर नाट्यपदात दोन्ही घासतील. आमच्या चवथीच्या आरतीला घुमट आणि झांजा असतात तोवर सुराची चिंता नसते, पण पेटी आली की कान लगेच टोचतात.

पायपेटी

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. ट्यूनर लावून बघितलं, पेटीची पांढरी सहा ४४३ वर बोलते.

वळेसार

म्हणजे साधारण १२ सेंट (लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) वर. सॅम्पलना हात लावू नका, तो त्या पेटीचा खरा सूर आहे. सिंथच्या 'मास्टर ट्यून'मध्ये ४४३ टाका, काही सिंथवर तिथे सेंटमध्ये विचारतात, तर +१२. मग बासरीवाल्याला आणि गायकांना तालमीतच कळवा. तबला त्याच सुराला लावायचा आहे.

पायपेटी

काल रात्री देवळाच्या मांडवात पहिली पूर्ण तालीम झाली. कसं जमलं ते लिहितो, पुढे कोणाला उपयोगी पडेल.

सिंथची खाच पुसली, सस्पेंड बंद केलं. यूएसबीवर दोन तास ठेवून बघितलं, एकदाही गायब झाला नाही. एकाच बोर्डवर आणल्यावर किणकिण कमी झाली, पण गेली नव्हती. मग डिचोलीच्या एका मित्राकडून इंटरफेस उसना आणला आणि गोल केबल लावली. किणकिण पूर्ण गेली. मिक्सरचा आवाज वर चढवून कान स्पीकरला लावला, तरी फक्त हवेचा 'स्स'.

चालू करायचा क्रम कागदावर लिहून सिंथच्या पाठीवर चिकटवलाय: आधी सिंथ, तो पूर्ण उठला की लॅपटॉपला इंटरफेस, मग रीपर, शेवटी मिक्सरचा आवाज वर. वीज गेली तरी हाच क्रम. ती काल दोनदा गेली. दुसऱ्या वेळी एक सूर अडकून वाजत राहिला, कारण सिंथ बंद पडल्यामुळे 'पट्टी सोडली' हा निरोप निघालाच नाही आणि लॅपटॉप बॅटरीवर चालूच होता.

एक प्रश्न उरलाय. नाटकाच्या दिवशी लॅपटॉप विंगेत साऊंडवाल्याजवळ असेल, मी रंगमंचासमोर खाली. अंतर ८ मीटर. केबल चालेल का?

काळी दोन

गोल मिडीची केबल १५ मीटरपर्यंत चालते. यूएसबी असती तर ५ मीटरच्या पुढे भरवसा नव्हता. १० मीटरची घ्या आणि ती विजेच्या वायरीला समांतर नेऊ नका, ओलांडायचीच वेळ आली तर काटकोनात ओलांडा. पायाखाली येईल तिथे चटईखालून न्या.

सूर अडकण्यासाठी साऊंडवाल्याला रीपरचं 'ऑल नोट्स ऑफ' दाखवून ठेवा. तुम्ही पट्ट्या सोडून तिथवर पळू शकणार नाही.

वळेसार

आणि खालच्या सप्तकातले सूर लांब धरले की सॅम्पल मध्येच संपत नाही ना, ते बघून घ्या. नांदीला षड्ज किती वेळ धरावा लागतो ते तुम्हाला माहीतच आहे.

पायपेटी

संपतो, ताई. काकांनी एका दमात नऊ सेकंद धरला होता, तेवढाच आहे. आज रात्री सॅम्पलरमध्ये लूप लावायला बसतोय. भात्याची हलकी करकर सातव्या सेकंदाला येते. लूप तिच्या आधी बंद केला तर ती कायमची जाईल, म्हणून करकर आत धरूनच जोडता येतो का बघतो. सगळ्यांचं देव बरें करूं.